बारा वर्षे रॉक गिटार वाजवूनही फ्लामेंकोला उजवा हात का बसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात मिळून बारा वर्षे तुम्ही इलेक्ट्रिक गिटार वाजवत आहात, वेगाचे सोलो तुम्हाला सहज वाजवता येतात, तरीही गेले आठ महिने फ्लामेंको या स्पॅनिश संगीतातले रास्गेआदो (बोटे एकेक उघडत नखांनी तारा छेडणे) आणि पिकादो (दोन बोटांनी आळीपाळीने स्वर वाजवणे) बसत नाहीत, आणि तुमच्याबरोबरच शिकायला लागलेली, पूर्वी कधी गिटार हातात न धरलेली एक विद्यार्थिनी मात्र पुढे निघून चालली आहे. वय आड येते आहे की हातच या वादनासाठी घडलेला नाही, असे तुम्ही विचारले आहे. मी नायलॉन तारांची गिटार शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत इलेक्ट्रिकवरून वळलेले बरेच असतात, त्यामुळे ही अडचण मी जवळून पाहिलेली आहे. माझ्या मते या दोन्ही शंका निराधार आहेत. तुम्हाला आड येते आहे ती तुमची वेळ मारून नेण्याची क्षमता, आणि ती केवळ अनुभवी वादकाकडेच असते.

नवशिक्याचा हात चुकला की आवाज सरळ बिघडतो आणि त्याला थांबावेच लागते. तुमचा हात चुकला तर जुन्या तयारीतले काहीतरी तत्क्षणी मदतीला धावून येते. अनामिका मागे पडली की मनगट झटका देऊन ती उणीव भरून काढते. तर्जनी-मध्यमेची पाळी चुकली तरी डावा हात हॅमर-ऑनने, म्हणजे नुसते बोट तारेवर आपटून, स्वर काढून देतो. परिणाम ऐकायला जवळपास बरोबर वाटतो, म्हणून तुम्ही पुढे जाता, आणि जे शिकायचे होते ते शिकले जातच नाही. त्या विद्यार्थिनीकडे अशी सोय नसल्याने तिला प्रत्येक बोट मुळापासून घडवावे लागले आहे, एवढाच तुम्हा दोघांतला फरक आहे.

आता हाताकडे पाहू. पिक, म्हणजे तार छेडायचा छोटा पातळ तुकडा, धरून वाजवताना बोटे स्वतः फारशी हलत नाहीत. ती पिक धरून ठेवतात आणि हालचाल मनगटाची व कोपरापुढच्या हाताची असते. रास्गेआदोत याच्या उलट घडते. तळहाताकडे मिटलेले प्रत्येक बोट स्वतंत्रपणे बाहेर उघडते आणि उघडता उघडता नखाने तारा छेडत जाते. बोटे उघडणारे हे स्नायू कोपर ते मनगट या भागाच्या वरच्या बाजूला असतात. दैनंदिन आयुष्यात धरण्या-पकडण्यासाठी बोटे मिटणाऱ्या स्नायूंना सतत काम पडते, उघडणाऱ्यांना जोराचे काम क्वचितच पडते, आणि बारा वर्षांच्या पिकवादनाने त्यात काहीही भर घातलेली नाही. शिवाय हाताच्या पाठीवर अनामिकेचा कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी आडव्या पट्ट्यांनी जोडलेला असतो, म्हणून ती एकटी उघडायला मुळातच अवघड जाते. ही अडचण सर्वांची आहे. अगदी फ्लामेंकोचे माहेर असलेल्या अंदालुसियात जन्मलेल्या मुलालाही ती चुकत नाही.

यासाठी मी जो अभ्यास देतो तो असा. उजव्या हाताचा अंगठा सहाव्या तारेवर टेकवा आणि बाकीची चार बोटे मुठीसारखी पण सैल मिटा. डाव्या हाताची बोटे तारांवर नुसती ठेवा, दाबू नका, म्हणजे तारा वाजणार नाहीत, केवळ ठक असा कोरडा आवाज येईल. मग करंगळी, अनामिका, मध्यमा, तर्जनी या क्रमाने एकेक बोट उघडा; एक उघडताना बाकीची मिटलेलीच राहिली पाहिजेत. तारा मुक्या करण्याला महत्त्व यासाठी आहे की कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) घुमत असली की तिच्या नादात चारही ठोके एकमेकांत मिसळतात आणि सगळे ठीक चालले आहे असा भास होतो. मुक्या तारांवर मात्र चार ठोके वेगवेगळे ऐकू येतात, त्यांतला दुसरा अस्पष्ट आहे आणि चौथा फार मोठा आहे हे कान लगेच सांगतो. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकलेत तर आणखी स्पष्ट होईल. इलेक्ट्रिकवरून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा जोर तर्जनीवर पडतो, कारण तेच बोट अंगठ्याबरोबर पिक धरत आलेले असते. जोर कुठे पडायचा हे मात्रेने ठरवायचे असते, बोटाच्या ताकदीने नव्हे. म्हणून चारही ठोके समान झाल्यावर जोर मुद्दाम करंगळीवर, मग अनामिकेवर असा फिरवून पाहा. हे सावकाश, रोज पंधरा-वीस मिनिटे करावे. कोपराजवळ दुखू लागले तर त्या दिवशी तिथेच थांबावे. बोटे उघडणाऱ्या स्नायूंची दुखणी एकदा जडली की लवकर जात नाहीत.

दुसरी गोष्ट तळहाताची आहे. इलेक्ट्रिकवर नको त्या तारा सतत गप्प ठेवाव्या लागतात, त्यामुळे उजव्या तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे फळीवर तारा जिथे बसवलेल्या असतात त्या पट्टीवर, टेकवून ठेवणे तुमच्या अंगवळणी पडले आहे. फ्लामेंकोत हात बहुतांश वेळ अधांतरी असतो, आधार असलाच तर अंगठ्याचा. तुमचा तळहात ब्रिजकडे ओढ घेत असेल, आणि तो टेकला की बोटे उघडायला जागाच उरत नाही. पुढच्या वेळी आरसा समोर ठेवून वाजवा आणि फक्त एवढेच पाहा.

पिकादोची अडचण वेगळी आहे. तर्जनी आणि मध्यमा आलटून-पालटून, प्रत्येक वेळी बोट पुढच्या जाड तारेवर टेकेल असा आघात करायचा असतो. पहिल्या तारेवर तर्जनीने स्वर वाजवला की ती दुसऱ्या तारेवर जाऊन टेकते. पुढचा स्वर त्याच दुसऱ्या तारेवर असेल तर आयत्या टेकलेल्या तर्जनीनेच तो ओढून घ्यावा असा अनावर मोह होतो. तिथे पाळी मोडते आणि मग वेग वाढवला की हात अडकतो. उतरत्या सरगमीत तार बदलण्याची तेवढी जागा वेगळी काढा आणि दोनच स्वर, एक या तारेवर आणि एक त्या तारेवर, पाळी न मोडता घोळवा. पूर्ण सरगम वाजवू नका, कारण ती तुमच्या डाव्या हाताला इतकी पाठ आहे की उजव्या हाताचे दोष ती खपवून घेईल.

याला जोडूनच अ‍ॅम्पचे एक सत्य लक्षात घ्यायला हवे. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटल्यासारख्या केलेल्या आवाजात, हलका आघात आणि जोराचा आघात यांतला फरक दबून जातो. लहान-मोठे स्वर एका पातळीवर येतात आणि लांबतातही. तुमच्या वेगाच्या सोलोंना या समतलाचा आधार होता. नायलॉनच्या तारेवर स्वर लवकर विरतो आणि प्रत्येक आघाताचे वजन उघडे पडते. त्यामुळे वेग कमी झाल्यासारखा वाटला तरी बहुधा वेग तोच आहे, आता फक्त असमानता ऐकू येऊ लागली आहे.

डाव्या हाताबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नायलॉनवर तार बाजूला खेचून बेंड घेता येत नाही म्हणण्याइतका स्वर कमी बदलतो, व्हायब्रेटो तारेच्या लांबीच्या दिशेने द्यावा लागतो, आणि गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाशी इलेक्ट्रिकच्या साधारण ४२-४३ मिलिमीटरच्या जागी सुमारे ५२ मिलिमीटर रुंदी असल्याने अंगठा मानेच्या मागे ठेवावाच लागतो. काही आठवड्यांत हे आपोआप जुळते.

माझ्या मते खरी अडचण तालाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. फ्लामेंकोतल्या तालचक्राला कोम्पास म्हणतात. सोलेआ हा प्रकार १२ मात्रांचा असून त्याचे जोर ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर असतात. बुलेरिआस हा दुसरा प्रकार याच आकृतीवर पण पुष्कळ द्रुत चालतो आणि मोजणी अनेकदा १२ पासूनच सुरू करतात. आपल्याकडे कान तबल्यावर वाढलेला असला की १२ मात्रा म्हटल्यावर मन लगेच एकताल मांडते. एकतालात टाळ्या १, ५, ९ आणि ११ वर व काल ३ आणि ७ वर असतो, आणि सगळी रचना १ वर, समेवर, येऊन मिळण्यासाठी धावत असते. सोलेआत मात्र १ वर काहीच होत नाही. ओळ १० वर येऊन विसावते. ११ आणि १२ या मात्रा पुढच्या ओळीकडे नेणाऱ्या असतात. रॉकवाल्याला चारचे मोजमाप सोडावे लागते आणि आपल्याला वर समेची ओढही सोडावी लागते. रास्गेआदो बोटांनी जमूनही बेढब वाटतो तो बहुतेक वेळा यामुळेच: त्याचा शेवटचा ठोका चुकीच्या मात्रेवर पडतो.

म्हणून गिटार बाजूला ठेवून टाळ्यांचा अभ्यास करा. फ्लामेंकोत टाळ्या वाजवणे ही स्वतंत्र कला आहे. पोकळ तळव्यांची दबकी टाळी गाण्याखाली चालते आणि एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या तळव्यावर मारलेली खणखणीत टाळी उठावासाठी असते. सोलेआचे ध्वनिमुद्रण लावून १० वर येणारा विसावा जोवर न मोजता अंगाला कळत नाही, तोवर गिटारवर वेग वाढवण्यात अर्थ नाही. मोजणे सुटले की हात कितीतरी सैल होतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

थोर वादकांनाही हे चुकलेले नाही, आणि त्यांची उदाहरणे केवळ धीर देण्यापुरती नाहीत. स्पेनमधल्या आल्हेसिरास गावचे पाको दे लुसिआ (१९४७–२०१४) हे फ्लामेंकोतले शिखर. त्यांनी जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल दि मिओला या जॅझ गिटारवादकांबरोबर ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत केलेला कार्यक्रम प्रसिद्ध आहे. जॅझच्या रीतीने स्वरसंगतीवर आयत्या वेळी विस्तार करणे त्यांना सुरुवातीला फार जड गेले, त्या ताणाने डोके आणि पाठ दुखत असे, असे त्यांनी पुढे मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या बोटांत काय कमी होते? अडचण होती ती सांगीतिक विचाराची. याच मंचावर मॅक्लॉफ्लिन आणि दि मिओला पिकनेच वाजवत होते, आणि पाको बोटांनी. कोणीही दुसऱ्याचा उजवा हात उसना घेतला नाही. मॅक्लॉफ्लिन यांनी त्याआधी कर्नाटक संगीताचा अभ्यास केला, अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले, आणि ‘शक्ती’ या आपल्या समूहासाठी फ्रेटांमधली (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधली) जागा कोरून खोलगट केलेली गिटार बनवून घेतली, म्हणजे तार दाबून आणि ओढून गमक घेता येईल. जे त्यांच्या वाद्यात मावत नव्हते त्यासाठी त्यांनी वाद्यच बदलले.

यावरून तुम्हाला एक प्रश्न मी आग्रहाने विचारेन: तुम्हाला फ्लामेंको वाजवायचा आहे, की आपल्या वादनात त्याचा रंग हवा आहे? रंगच हवा असेल तर पिक सोडण्याची सक्ती नाही. फ्लामेंकोतील स्वरांची चौकट, म्हणजे ला-मायनरपासून (A minor) मी-मेजरपर्यंत (E major) पायरीपायरीने उतरणारी स्वरसंगती, तुम्हाला आजही हाती आहे, आणि ‘मी’ (E) या स्वराला षड्ज मानले तर तिच्यात भैरवीचे स्वर व शेवटी शुद्ध गंधार ओळखू येतील. पण सोलेआ सोलेआसारखी वाजवायची असेल तर उजवा हात आणि कोम्पास यांना पर्याय नाही, आणि त्यासाठी आठ महिने हा फार थोडा काळ आहे.

तुमचे जुने काही वाया जाणार नाही. दोन्ही हातांचा मेळ, मानेवरच्या जागांची माहिती आणि तयार कान त्या विद्यार्थिनीला अजून मिळवायचे आहेत. आल्सापुआ या अंगठ्याच्या तंत्रात तर तुम्ही तिच्या पुढे जाल असे मला वाटते, कारण त्यात अंगठ्याचे नख वर-खाली पिकसारखेच चालते. फक्त खालचा आघात झाल्यावर अंगठा पुढच्या तारेवर टेकला पाहिजे आणि हालचाल अंगठ्याच्या मुळातून व मनगटाच्या वळणातून आली पाहिजे, कोपरातून नव्हे.

रोजच्या क्रमात नवा अभ्यास आधी ठेवा आणि इलेक्ट्रिक नंतर; उलट केले तर हात जुन्या वळणावर गेलेला असतो. आवडत्या फाल्सेता, म्हणजे गाण्याच्या दोन ओळींमधले गिटारचे तुकडे, पूर्ण वेगात वाजवून पाहण्याचा मोह काही महिने आवरा. ऑर्केस्ट्राचे कार्यक्रम सोडण्याची गरज नाही. उजव्या हाताची नखे बोटाच्या टोकापुढे एक-दोन मिलिमीटर ठेवलीत तर पिक धरायला अडचण येत नाही, मात्र नखाची कड बारीक कानशीने गुळगुळीत ठेवावी लागते.

वाद्याबद्दलही लिहितो, कारण तुम्ही साधी क्लासिकल गिटार वापरत असल्याचे म्हटले आहे. शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. फ्लामेंकोच्या गिटारवर तारा थोड्या खाली असतात, त्यामुळे क्लासिकलवर तारा फार उंच असतील तर कारागिराकडून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून घ्या. गोल्पे, म्हणजे नखाने फळीवर मारण्याची टकटक, मात्र त्या फळीवर पारदर्शक संरक्षक पट्टी बसवून घेतल्याशिवाय सुरू करू नका. क्लासिकलच्या मऊ लाकडावर नखाचे खड्डे थोड्याच दिवसांत पडतात. आणि आवाज मोठा यावा म्हणून तिला स्टीलच्या तारा लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका, त्यांचा ताण जास्त असतो आणि त्याने ब्रिज उखडून येतो.