सही तुमची, गाणी मुलांची

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. मुलगा बारावी सायन्सला, वय १७. गिटार वाजवतो, गाणी लिहितो. चौघा मित्रांचा बँड आहे आणि त्यात ड्रमच्या जोडीला हलगी आहे. मुंबईच्या एका म्युझिक कंपनीने त्यांची तीन गाणी मागितली आहेत आणि एकरकमी २५ हजार देऊ केले आहेत. मुलगा अल्पवयीन, म्हणून पालकांची सही हवी आहे. वडिलांचा आग्रह इंजिनिअरिंगचा. मुलाला बारावी झाली की पुण्याला जाऊन पूर्णवेळ बँड करायचा आहे. आईचे प्रश्न दोन: सही करू का? आणि यात त्याचं पोट भरेल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

सहीला मुदत आहे, म्हणून आधी तेच. आत्ता आहे त्या कागदावर सही करू नका. तुम्ही पाठवलेली चारही पानं मी वाचली. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांसाठी’ असं वाक्य दुसऱ्या पानावर आहे आणि त्याचा मोबदला एकदाच मिळणार. कंपनीच्या मनात काही वाईट असेल असं नाही. असे छापील मसुदे सगळ्यांनाच जातात. पण कायदा तुमच्या मुलाच्या बाजूने बराच उभा आहे आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकार यांना गाण्याच्या रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरलं की मिळणाऱ्या पैशातला, कंपनीबरोबरचा समान वाटा सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, आणि याच्या विरुद्ध करारात काही लिहिलं तरी ते टिकत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मसुद्यात न चुकता का असतात, ते यावरून कळेल. गाणी प्रसिद्ध झाली की मुलांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व घ्यावं. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी ही कॉपीराइट सोसायटी १९६९ पासून आहे.

आता मला फार लागलेली गोष्ट. करारात तीन नावं आहेत. हलगी वाजवणाऱ्या मुलाचं नाव कुठेच नाही. रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा ऐकलं. दुसऱ्या गाण्यात शब्द सुरू व्हायच्या आधी बारीक काडीचा कडकडाट येतो, मग टिपरू पडतं आणि गिटार त्या ठेक्यावर आत येते. ते ऐकूनच कंपनीचा फोन आला असणार, कारण बरी गिटार वाजवणारी मुलं मुंबईत पायलीला पन्नास आहेत. त्या मुलाच्या घरी हलगी पिढ्यान्‌पिढ्या आहे, असं तुम्हीच लिहिलंय. मिरवणुकीत पुढे वाजवायला बोलवायचं आणि नारळ-टोपी देऊन बोळवण करायची, हे आपल्या गावांनी खूप वर्षं केलं. या मुलांनी तरी ते करू नये. वादकालाही कायद्याने कलावंत म्हणून हक्क आहेत: नाव लागण्याचा आणि व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा.

तेव्हा या रविवारी चौघांना तुमच्या घरी बसवा. प्रत्येक गाण्यासाठी एक कागद करा. शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, कुणाचा वाटा किती, खाली तारीख आणि चौघांच्या आणि त्यांच्या पालकांच्या सह्या. तिसऱ्या गाण्यातली ओवी पारंपरिक आहे, तिथे ‘पारंपरिक’ असंच लिहा आणि ती ज्या आजींकडून घेतली त्यांचा उल्लेख करा. बँड फुटतात ते बहुतेक वेळा याच हिशेबावरून, आणि मैत्री शाबूत असतानाच तो लिहून ठेवणं सोपं जातं.

पोट भरेल का? भरतं, पण नुसत्या गाण्याच्या विक्रीवर नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. संगीतकाराचं घर चालतं ते कार्यक्रमांच्या सुपाऱ्या, शिकवण्या, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला वाजवणं आणि साउंडचं काम यांवर. आपल्या भागात जत्रा, लग्नसराई, गणपती, नवरात्र असा हंगाम असतो आणि आषाढात हात रिकामे राहतात. वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे लोककला घेऊन ‘महाराष्ट्राची लोकधारा’सारखा संच उभा करू शकले तेही कार्यक्रमांच्या जोरावर. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ हा बँड १९९० ला सुरू झाला आणि देशभर नाव करून देणारा त्यांचा अल्बम आला २००० साली. त्यांचा राहुल राम अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा पीएचडी आहे. कन्नड लोकगीतं रॉकमध्ये आणणारा रघू दीक्षित मायक्रोबायोलॉजीचा एमएस्सी. शिक्षणामुळे यांचं गाणं अडलं नाही, हे मुलाला दाखवा.

मुलाच्या वडिलांनाही दोन शब्द. मुलाला नकोच असेल तर इंजिनिअरिंगची सक्ती करू नका. चार वर्षं आणि एवढी फी मन नसताना घालवण्यात कुणाचंच भलं नाही. पण बारावीचं फिजिक्स त्याने मनापासून करावं. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी कुठलीही चालते, बारावीला फिजिक्स मात्र लागतं. कराडमध्येच बीएस्सी करता येईल. संगीतातच पदवी हवी असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. सोबत गळ्यासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्याव्यात. आवाज चांगला आहे, पण वरच्या पट्टीत ताणला जातो, आणि रोज दोन तास गायची वेळ आली की असा गळा बसतो.

पुण्याला आत्ताच बिऱ्हाड हलवायची गरज नाही. पुणे तीन-चार तासांवर आहे. कार्यक्रम मिळाला की जावं, वाजवावं, परत यावं. शिवाय हलगीवाला मित्र कराडातच राहणार आहे आणि त्याच्यावाचून हा बँड राहत नाही.

कंपनीला असं कळवा: “गाणी विकायची नाहीत. तीन वर्षांसाठी वापरायला देऊ. चौघांची नावं लागतील, रॉयल्टीचा हिशेब दर सहा महिन्यांनी हवा, आणि वर्षभरात गाणं प्रसिद्ध झालं नाही तर हक्क परत येतील.” नवा मसुदा आला की साताऱ्यातल्या किंवा पुण्यातल्या कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि एक प्रत मलाही पाठवा. दरम्यान बोर्डाची परीक्षा आली तर कंपनीला परीक्षा संपेपर्यंत थांबायला सांगा.

तुमची,
मार्गदर्शक