वजन उतरवायला फॅट ब्लॉकर, कार्ब ब्लॉकर गोळ्या घ्याव्यात का?

बहिणीचं लग्न तीन महिन्यांवर आलंय, खाल्लेलं अंगी लागू न देणाऱ्या गोळ्या घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ.

मी ऑर्लिस्टॅट ही फॅट ब्लॉकर गोळी घेतलेली आहे. १२० मिलीग्रॅम, तिन्ही जेवणांबरोबर. थोरल्या वन्संनी आणून दिली होती. "अगं, मी घेते, काही होत नाही." चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. ही गोळी आतड्यातल्या लायपेजला, म्हणजे तेलतूप पचवणाऱ्या पाचकरसाला, अडवते, त्यामुळे खाल्लेल्या तेलातुपातला साधारण ३० टक्के भाग पचत नाही. न पचलेलं तेल कुठे जातं, ते मला पुतण्याच्या लग्नात कळलं.

आदल्या दिवशी हळदीचं जेवण झालं होतं, भजी, मसालेभात, वर तूप. दुसऱ्या दिवशी हातात अक्षता घेऊन उभी होते. पोटात कळ नाही, काही नाही, नुसतं ओलं लागलं. खोलीत जाऊन बघते तर आईच्या पैठणीवर मागे तळहाताएवढा नारिंगी तेलाचा डाग. टाल्कम पावडर चोळली, दोनदा ड्रायक्लीनिंगला दिली, डाग अजून तसाच आहे. मंगलाष्टकं मी बंद दाराआडून ऐकली.

साडीपेक्षा वाईट पुढे झालं. मला थायरॉईड आहे. थायरॉक्सिन ही थायरॉईडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांच्यात किमान ४ तास हवेत, आणि मी एक उठल्यावर, दुसरी तासाभराने नाश्त्याला घेत होते. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडलं की रक्त तपासणीत वाढलेला दिसणारा आकडा, ३ वरून ११ वर गेला. केस विंचरताना हातात यायचे, जिना चढवेना. त्या दिवसांत घरात वाक्य होतं, "हिचा तोंडावर ताबा नाही." ताबा होता. मी मोजून दोन फुलके खात होते.

बरं, फायदा किती? स्वीडनमध्ये ४ वर्षं चाललेली मोठी चाचणी आहे, २००४ची. आहार आणि व्यायाम दोन्ही गटांना होता. गोळीवाल्यांचं वजन ५.८ किलो उतरलं, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचं ३. कार्ब ब्लॉकर म्हणजे बहुतेकदा पांढऱ्या राजम्याचा अर्क. तो स्टार्चवर काम करतो, साखर-गुळाला हातही लावत नाही. आणि फॅट ब्लॉकर म्हणून विकतात ते कायटोसान बहुतेकदा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं, शाकाहारी असाल तर डबी वाचा.

आमच्या चौघांच्या घरात महिन्याला ५ लिटर तेल लागायचं. फोडणी पळीने न घालता चमच्याने मोजून घालायला लागले, आता ३ लिटर पुरतं. म्हणजे माणशी रोज १५ ग्रॅमच्या आसपास तेल कमी. दिवसाला ६० ग्रॅम स्निग्ध पदार्थ खाणाऱ्याचं ही गोळी १८ ग्रॅम अडवते. फरक किती थोडा, बघा.

हो, डॉक्टरांनी तपासून दिली असेल तर माझं वाचून बंद करू नका. खूप स्थूल माणसांना ती देतात, पण सोबत अ, ड, ई, के जीवनसत्त्वांची गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगतात. वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू असेल तर आधी विचाराच.

गेल्या दिवाळीत वन्सं पुन्हा म्हणाल्या, "तू मध्येच सोडलीस, नाहीतर उतरलं असतं." मी दोन्ही रिपोर्ट पुढे ठेवले, त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही पर्समधून. तुम्ही निदान थायरॉईड तपासून घ्या, याच आठवड्यात.