लाल प्रकाश, सात फोटॉन

प्रश्न : प्रकाशाची वारंवारिता कमी असेल तर तो कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही, असं बारावीला शिकलो. मग लाल लेसरने झेनॉन वायूचं आयनीभवन, म्हणजे त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं, कसं होतं?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : शंका अगदी नेमक्या जागी आली तुला, फार बरं वाटलं. बारावीचा नियम खराच आहे, फक्त तो एका वेळी एकच फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकच कण, शोषला जातो असं धरून चालतो. झेनॉनचा इलेक्ट्रॉन सोडवायला 12.13 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक) लागतात. लाल रुबी लेसरच्या 694.3 नॅनोमीटर तरंगलांबीच्या फोटॉनमध्ये असतात जेमतेम 1.79. सहांची बेरीज 10.7, सातांची 12.5. म्हणजे सात जण हवेत, तेही एकदम. मध्ये टेकायला अणूची ऊर्जापातळी नसली तर सवड मिळते फेमटोसेकंदाच्या (सेकंदाच्या एक अब्जांशाचा दहा लाखावा भाग) आसपास. साध्या दिव्यात हे घडणं नसल्यातच जमा. दोन फोटॉनांचं गणित मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 च्या प्रबंधातच मांडलं होतं, पण लेसर आला 1960 मध्ये. वोरोनोव्ह आणि डेलोने यांनी 1965 मध्ये रुबी लेसरने झेनॉनवर हे करून दाखवलं.

मी संशोधन करत होते तेव्हा आमच्याकडे 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर होता. त्याला सहा फोटॉन पुरतात. सुटलेले आयन वजनानुसार वेगळे करून मोजले की पडद्यावर झेनॉनच्या समस्थानिकांची (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची) शिखरं दाटीने उभी राहायची, 129 आणि 132 वस्तुमानांकाची दोन सगळ्यांत उंच. ती जोडी दिसली की खात्री पटायची, हा झेनॉनच, निर्वात नळीत घुसलेली हवा नव्हे. मग लेसरची प्रखरता निम्मी करायची. शिखरं जवळजवळ पुसलीच जायची, कारण आयन 64 पटींनी घटतात. लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्ष लॉगॅरिथमचे) प्रखरता आणि आयनांचे बिंदू मांडून पट्टी लावली आणि उतार, म्हणजेच फोटॉनांची संख्या, सहाच्या जवळ आला, त्या संध्याकाळी मी जेवायचंही विसरले. प्रखरता फार वाढवली मात्र की फोकसमधले सगळेच अणू आयन होतात आणि रेषा वाकते.

वर्णपटविज्ञान, म्हणजे प्रकाशाने अणूच्या पातळ्या शोधणं, इथून पुढे सुरू होतं. लेसरची तरंगलांबी हळूहळू बदलत न्यायची. काही फोटॉनांची बेरीज अणूच्या एखाद्या पातळीशी जुळली की आयन एकदम वाढतात. 249.6 नॅनोमीटरला दोन फोटॉन झेनॉनला अशाच एका 6p पातळीवर नेतात, तिसरा इलेक्ट्रॉन सोडवतो.

आणखी एक. 1979 मध्ये आगोस्तिनी आणि सहकाऱ्यांना याच हिरव्या प्रकाशात काही इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा 2.33 इलेक्ट्रॉन-व्होल्ट जास्त घेऊन निघालेले दिसले. सहा पुरत असताना त्यांनी सातवाही शोषला होता! आगोस्तिनींना 2023 चं नोबेल विभागून मिळालं, ते पुढच्या अ‍ॅटोसेकंद स्पंदांच्या (फेमटोसेकंदाहूनही छोट्या प्रकाश-झोतांच्या) कामासाठी.

आर्गॉनला 15.76 इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. रुबीचे किती फोटॉन, ते काढून मला कळव.