कुत्र्याला थ्री टियर एसीत लपवून नेता येईल का?

नाही. तुम्ही लिहिलंय, कुत्रा शांत आहे, मुंबई-नागपूर एका रात्रीचा प्रवास, गोळी देऊन बर्थखाली झोपवला तर कुणाला कळणार? नेमकं हेच माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला सुचवलं होतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा गेल्यावर आईला डोंबिवलीहून नागपूरला दादाकडे न्यायचं ठरलं. आईबरोबर बंड्या, १३ वर्षांचा गावठी कुत्रा, बाबांनी नाल्याकाठून उचलून आणलेला. दादाचं पहिलं म्हणणं, त्याला सोसायटीतच सोड, वॉचमन घालेल पोळी. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे मी फोनवर सांगितलं. तर म्हणे, मग गोळी दे आणि आण.

डॉक्टरांनी गोळीला साफ नकार दिला. गुंगीच्या औषधाने म्हाताऱ्या कुत्र्याचा रक्तदाब उतरू शकतो, श्वास मंदावू शकतो, आणि चालत्या गाडीत काही झालं तर करणार काय? शिवाय स्लीपर, थ्री टियर, टू टियर, कुठेच मोठा कुत्रा नेता येत नाही; टोपलीत मावणारं पिल्लू तेवढं चालतं, तेही पैसे भरून. बिनपावतीचा सापडला तर लगेजच्या दराच्या सहापट वसुली.

राहिला फर्स्ट एसी. तिथे दोघांचा कूपे किंवा चौघांची केबिन पूर्ण आपल्याच नावावर लागते. विदर्भ एक्सप्रेसची आईची आणि माझी तिकिटं एकाच पीएनआरवर काढली, कूपे मिळावा म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज दिला. तरी कूपे मिळाला की नाही ते चार्ट लागल्यावरच कळतं. त्या दिवशी आई जेवली नाही. चार्टमध्ये कूपे दिसला तेव्हा ती बंड्याच्या गळ्यात पडून रडली. मग पार्सल ऑफिसात तिकीट, लसीकरणाची वही आणि डॉक्टरांचा ताजा दाखला दाखवून पावती घेतली.

भुसावळला मध्यरात्र उलटून गेली होती. बंड्याला शू करायला फलाटावर उतरवलं, तर नुसता थरथरत उभा, पाय उचलेना. अकोल्यालाही तेच. शेवटी आईने आपला जुना परकर कूपेत अंथरला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "कर रे बाळा, कुणी रागवणार नाही." तेव्हा कुठे त्याने केली. पुढे वर्ध्यापर्यंत ती खालच्या बर्थवर कुशीवर पडून होती, हात खाली सोडून, त्याच्या पाठीवर.

त्यानंतर घरातल्या प्रत्येक लग्नात दादाने सांगितलं, हिने गावठी कुत्र्याला फर्स्ट एसीने आणलं. लॅब्रॅडॉर असता तर हाच माणूस कौतुकाने फोटो दाखवत फिरला असता. नियमात कुत्रा म्हटलंय, जात नाही विचारलेली. आणि ते पैसे माझे होते. आईने नवरा गमावला होता, तिच्याकडून कुत्राही काढून घ्यायचा का, याचं उत्तर दादाने मला आजवर दिलेलं नाही.

हो, कूपेची हमी नसते. नाहीच मिळाला तर गाडी भाड्याने करायची तयारी आधी ठेवा. ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या डब्यात, कुत्र्यासाठी डॉग बॉक्स असतो, पण खाणंपाणी आपल्यालाच स्टेशनवर धावत जाऊन द्यावं लागतं. तरुण कुत्रा, थंडीचे दिवस, जवळचं अंतर असेल तरच विचार करा. मे महिन्यात विदर्भात तर अजिबात नाही. एकटेच जाणार असाल तर कुणाला तरी सोबत घ्या, कारण एका तिकिटावर अख्खा कूपे मिळत नाही. निघण्याआधी दोन तास त्याचं खाणं उरकून घ्या. आणि घरातलं कुणी "गोळी दे" म्हणालं, तर फोन सरळ डॉक्टरांच्या हातात द्या. मी तेव्हा तेच करायला हवं होतं, दादाशी तासभर भांडण्यापेक्षा.