कॅथलिक शाळा की काउन्सिलची? हाउन्सलोच्या ताईंचा प्रश्न

लंडनच्या हाउन्सलोहून एका ताईंनी लिहिलंय. लेक पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्या वर्गाला जाणार. घराच्या अगदी जवळ कॅथलिक प्रायमरी आहे, रिझल्ट्स भारी, आणि जरा लांब काउन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, साधी कम्युनिटी स्कूल. नवऱ्याला कॅथलिकच हवी. साताऱ्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, पोरगी येशूची गाणी म्हणत घरी येईल. आणि शेजारीण सांगते, वर्षभर रविवारी चर्चला जाऊन बसा, फादर सही देतात, काम होऊन जातं.

ताई, आधी शेजारणीचं निकालात काढते. त्या म्हणतात तसली हजेरी बऱ्याचदा चर्च ऑफ इंग्लंडच्या (म्हणजे कॅथलिक नव्हे, इथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या) काही शाळांत चालते, कॅथलिक शाळेत अर्ज जास्त आले की आधी मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला बघतात. म्हणजे तुम्ही वर्षभर रविवारची झोप मोडून मागच्या बाकावर बसलात तरी नंबर खालीच राहणार. आणि खोटी माहिती देऊन जागा मिळवली असं निघालं तर ती काढूनही घेऊ शकतात. तशीही चार वर्षांच्या पोरीला घेऊन दर आठवड्याला नाटक करायचं हे मला तरी पटत नाही, मुलांना सगळं कळतं हो.

आता सासूबाईंचं. त्यांना एक गोष्ट सांगा, म्हणजे प्रेमाने सांगा, की इथे इंग्लंडमध्ये काउन्सिलच्या शाळेतही रोज सामूहिक प्रार्थना घ्यायची असा कायदा आहे, आणि ती बहुतांशी ख्रिश्चन वळणाची असावी असंही त्यात लिहिलंय. प्रत्यक्षात बऱ्याच शाळा असेंब्लीत खरं बोला, मदत करा अशा गोष्टी सांगून वेळ मारून नेतात, पण डिसेंबर आला की नेटिव्हिटी प्ले, म्हणजे येशूच्या जन्माचं मुलांचं नाटक, जवळपास सगळीकडे असतोच. आमच्याकडे मेंढपाळाचा रोल आला होता, डोक्याला किचनमधला चौकटीचा टॉवेल आणि वरून ड्रेसिंग गाऊनची नाडी, आजी तिकडून फोटो बघून म्हणाल्या हा तर आपला धनगर! तर येशूची गाणी दोन्हीकडे येणारच. कुणाला अगदी नकोच असेल तर प्रार्थनेतून आणि धर्माच्या तासातून मुलाला बाहेर ठेवायचा हक्क पालकांना आहे, कारणसुद्धा द्यावं लागत नाही. पण सगळा वर्ग हॉलमध्ये आणि आपलं एकटं लायब्ररीत चित्र रंगवतंय, हे रोज कराल का बघा.

मग फरक कुठे आहे? आपल्यापैकी कितीतरी जण पुण्या-नाशिकात कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, सकाळी अवर फादर आणि संध्याकाळी शुभंकरोती, काही बिघडलं नाही, आणि म्हणूनच नवरे मंडळींना वाटतं इथेही तसंच असेल. पण तिकडे वर्गात बहुतेक सगळी आपलीच मुलं होती. इथल्या भरलेल्या कॅथलिक शाळेत वर्गातली बहुतेक मुलं खरोखर त्या पॅरिशमधली, म्हणजे तिथल्या चर्चच्या कुटुंबांतली असतात, शिकवण्याच्या वेळेपैकी 10 टक्के वेळ धर्मशिक्षणाला, आणि इयर थ्रीच्या सुमाराला, म्हणजे सात-आठ वर्षांची असताना, फर्स्ट कम्युनियन, चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा मोठा सोहळा. पांढरे ड्रेस, पार्ट्या, आठवडेच्या आठवडे तीच चर्चा, आणि आपली मुलगी त्यात नाही. काही मुलं हे हसत घेतात, काहींना फार लागतं. मला विचाराल तर काळजी करायची असेल तर या गोष्टीची करा, गाण्यांची नको. शाळा बघायला जाल तेव्हा हेडटीचरना सरळ विचारा, कॅथलिक नसलेली मुलं किती आहेत आणि कम्युनियनच्या दिवसांत ती काय करतात. उत्तर पटकन आणि मोकळेपणाने आलं तर शाळा चांगली समजा, गोलमोल आलं तर तेही एक उत्तरच.

रिझल्ट्सचं म्हणाल तर नवऱ्याला सांगा की ज्या शाळेत यायलाच आईबापांनी एवढी धडपड केलेली असते तिथे घरी अभ्यास घेणारेही तेच आईबाप असतात, त्यामुळे आकड्यांतलं शाळेचं किती आणि घरचं किती हे कुणी वेगळं काढून देत नाही.

तिसरा पर्याय बरेच जण विचारतात म्हणून सांगते. हॅरो भागात 2008 पासून कृष्ण अवंती आहे, सरकारी खर्चाने चालणारी देशातली पहिली हिंदू शाळा. जेवण शाकाहारी, योग, संस्कृत, सगळं आहे. पण हाउन्सलोहून रोज सकाळी त्या ट्रॅफिकमधून चार वर्षांचं लेकरू नेणं-आणणं म्हणजे वनवास. शिवाय तीही धार्मिकच शाळा आहे, इस्कॉनच्या वळणाची, घरातल्या खंडोबा-भवानीची नाही, हे लक्षात घेऊन जा. तुम्ही तिकडेच राहायला जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

फॉर्मचं नीट ऐका. काउन्सिलचा ऑनलाइन अर्ज 15 जानेवारीपर्यंत, निकाल 16 एप्रिलला. लंडनमध्ये सहा शाळा टाकता येतात, सहाही टाका, आणि तुमच्या खऱ्या आवडीच्या क्रमाने टाका कारण कुठली शाळा कितव्या नंबरवर होती हे बघून शाळा जागा देत नाही. कॅथलिक शाळेचा सप्लिमेंटरी फॉर्म वेगळा असतो, तो थेट शाळेत द्यायचा, आणि त्यात जे आहे तेच लिहायचं, हिंदू तर हिंदू. लंडनमध्ये सध्या बऱ्याच भागांत मुलं कमी झालीयेत, शाळांत जागा रिकाम्या राहतायत, आणि जागा उरली तर चर्चच्या शाळेलाही तुमच्या मुलीला नाही म्हणता येत नाही. म्हणून काउन्सिलच्या पुस्तिकेत बघा, गेल्या वर्षी त्या शाळेत शेवटची जागा कुणाला गेली, बाप्तिस्मा झालेल्यांतच संपल्या की बाकीच्यांनाही मिळाल्या.

बाकीच्यांना मिळाल्या असतील आणि हेडटीचर बोलायला बऱ्या वाटल्या तर मी ती पहिली टाकेन आणि कम्युनिटी स्कूल दुसरी, घराजवळची शाळा पावसात फार उपयोगी पडते. नसतील मिळाल्या, तर कम्युनिटी स्कूल पहिली. कॅथलिक खाली टाकून ठेवली तरी नुकसान काही नाही. फक्त कम्युनिटी स्कूल एकदा आत जाऊन बघा आधी, पत्रात तुम्ही तिच्याबद्दल "साधी" एवढाच शब्द लिहिलाय, त्यावरून वाटतं अजून कुणी पाऊल ठेवलेलं नाही. टूर बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात, ऑफिसात फोन करून नाव द्या, आणि नवऱ्यालाही सोबत न्या.