प्रसूतिकक्षाची जबाबदारी घेताना

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तालुक्याच्या इस्पितळातील प्रसूतिकक्ष तुझ्याकडे सोपवला गेला, हे वाचून फार आनंद झाला. जोखमीच्या गर्भारपणाविषयी तू विचारले आहेस, म्हणून मला सर्वांत निकडीचे वाटते तेवढेच लिहिते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. परंतु त्यामागे योजना नसेल, तर तो स्टिकर निरुपयोगी आहे. आधीचे सिझेरियन असून वार (प्लासेंटा) गर्भाशयाच्या तोंडाशी खाली असलेली, हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलेली किंवा मागच्या खेपेस झटके आलेली बाई कुठे बाळंत होणार, कितव्या आठवड्यात तिथे पोहोचणार, रक्त कोण देणार आणि रात्री गाडी कुठून येणार, हे आठव्या महिन्यापूर्वी कागदावर उतरले पाहिजे आणि तिच्या नवऱ्याच्या व सासूच्या कानांवरही गेले पाहिजे. काणकोणच्या बाईच्या वाटेत करमल घाट आहे. ‘लागलेच तर गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवू’ याला योजना म्हणत नाहीत.

आता आणीबाणीच्या सरावाविषयी. सभागृहातील प्रशिक्षण आवश्यक आहेच, पण खरा सराव तुझ्याच लेबर रूममध्ये, रात्रपाळीच्या माणसांसह, अटेंडंटलाही धरून व्हावा, असे माझे ठाम मत आहे. झटक्यांचेच घे. ते थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, असा १४ ग्रॅमचा असतो, म्हणजे १ ग्रॅमच्या १४ अँप्युल फोडून औषध सिरिंजमध्ये भरायचे. बाईला कुशीवर वळवून ऑक्सिजन देणाऱ्या सिस्टरला हे जमणार नाही. त्या कामाला दुसरी व्यक्ती नेमलेली हवी, आणि कपाटाची किल्ली कोणाच्या खिशात आहे हे सर्वांना ठाऊक हवे. मॅग्नेशियम जास्त झाले तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट त्याच ट्रेमध्ये असू दे.

रक्तस्रावाचा अंदाज नुसत्या नजरेने घेतला की तो बहुधा कमीच निघतो, म्हणून मोजपट्टी असलेली पिशवी प्रत्येक बाळंतिणीखाली लावण्याचा आग्रह धर. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील इस्पितळांत झालेला ई-मोटिव्ह अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध एकही नव्हते. रक्त मोजणे, गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, रक्ताची गुठळी टिकवणारे ट्रानेक्सॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सारे एकामागून एक न करता एकत्र सुरू केले, आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. ट्रानेक्सॅमिक ॲसिड बाळंतपणानंतर ३ तासांच्या आत गेले पाहिजे, म्हणून सरावात एकीने केवळ घड्याळ पाहून वेळा लिहाव्यात.

सराव संपल्यावर सर्वांत धाकट्या सिस्टरला आधी बोलू दे. तू आधी बोललीस, तर ती गप्प बसेल, आणि फ्रिज बंद पडला होता हे तुला कधीच कळणार नाही; ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते.

बाईला पुढे पाठवावे लागले, तर पहिला डोस देऊन, वेळ लिहून, गोमेकॉतील डॉक्टरांशी स्वतः बोलून मगच १०८ ची गाडी सोड, आणि सोबत सिस्टर असू दे. पहिल्या सरावाची तारीख ठरली की कळव, मी येईन.

तुझी,
मॅडम