सात देश नकोत, एक रोम पुरे

गटानं परदेशी जाण्याविषयी या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली बहुतेक रोमची, म्हणून ती एकत्र घेते.

आमची भिशी पंधरा वर्षांची आहे. बारा जणी, वय ५२ ते ७१. एका कंपनीनं बारा दिवसांत सात देश दाखवतो म्हणून सांगितलंय. काहीजणी म्हणतात, एकच रोम नीट बघू. दोघींचे गुडघे दुखतात, एकीला शुगर आहे. पण ताई, विमानाचा खर्च तर तेवढाच, मग सात देश का सोडायचे? — एक भगिनी, लातूर

ताई, ज्या काहीजणी एकच रोम म्हणताहेत, त्यांचं ऐका.

मी पहिल्यांदा गेले ते २०१६ साली, असाच सात देशांचा बेत घेऊन. परभणीची आम्ही अकरा माणसं. कंपनीचं नाव लिहीत नाही, नावानं काही साधत नाही. हॉटेल ‘रोम’ म्हणून सांगितलेलं. उतरलो तेव्हा कळलं की शहर तासाभराच्या वाटेवर आहे. सकाळी सहाला बॅगा खाली, बसमध्ये बसा, उतरा, फोटो, परत बसा. रोमच्या वाट्याला चार तास आले. कलोसियम, ते दोन हजार वर्षांपूर्वीचं दगडी क्रीडागार, बसच्या काचेतून दिसलं आणि मागे पडलं. आमच्यातल्या एका वहिनींचा गुडघा सुजला होता. गाइड त्यांना म्हणाला, तुम्ही बसमध्येच बसा. त्या बसल्या. आयुष्यभर पै-पै साठवून आलेली बाई रोमच्या पार्किंगमध्ये खिडकीला डोकं टेकून बसली होती, आणि आम्ही दहाजण घाईघाईनं पुढं गेलो. त्या दिवसाचं वाईट मला अजून वाटतं.

२०१९ मध्ये मी नऊजणांना घेऊन पुन्हा गेले, कंपनीशिवाय. सहा रात्री, एकच हॉटेल, तेर्मिनी या मुख्य स्टेशनपासून चालत जाता येईल असं. मेट्रोच्या अ आणि ब अशा दोन्ही लाइनी तिथंच मिळतात. बॅग एकदा उघडली की निघायच्या दिवशीच बंद. सकाळी एक ठिकाण, दुपारी खोलीवर पाठ टेकायची, चार वाजता चहा करून पुन्हा बाहेर. त्याच वहिनी यावेळी बरोबर होत्या, आणि कलोसियममध्ये आत, वरच्या मजल्यावर लिफ्टनं जाऊन उभ्या राहिल्या. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या पायानं ठरवायचा, हे इथल्या बैठकीतच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. तिथं रस्त्यात ठरवायला गेलात तर जिचा गुडघा दुखतो ती संकोचानं म्हणते, ‘तुम्ही जा, मी थांबते.’

तीस वर्षं मी बँकेत कॅशवर बसले. त्यामुळं पैशाचं जरा स्पष्ट सांगते, कारण बायकांची पंधरा वर्षांची मैत्री दोन युरोच्या कॉफीवरून बिघडताना मी पाहिलीय. भिशीचाच नियम लावा. पहिल्याच दिवशी प्रत्येकीनं सारखी रक्कम सामाईक पाकिटात टाकायची. आम्ही माणशी दोनशे युरो टाकले होते. बस, मेट्रो, पाणी, फळं, सगळ्यांनी मिळून घेतलेलं जेवण एवढंच त्यातून. आइस्क्रीम, शाली, नातवंडांची खेळणी ज्याची त्याची. पाकीट एकीकडं, वही दुसरीकडं, आणि रोज झोपण्याआधी दोघींनी मिळून मेळ घालायचा. उपास आहे म्हणून जी जेवली नाही तिचे पैसे त्याच रात्री परत. रक्कम मोठी नसते, पण तिला कुणी धरलं नाही असं वाटायला नको.

हॉटेलचं भाडं भरलं म्हणजे सगळं झालं असं समजू नका. रोममध्ये माणशी दर रात्रीचा शहर कर वेगळा द्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा हॉटेलातच मागतात. वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. जुन्या इमारतींतली लिफ्ट दोन-तीन माणसांचीच असते, त्यामुळं बाराजणींना खाली यायलाच पंधरा मिनिटं लागतात. आणि घोरण्याविषयी लाज सोडून बोला. कोण घोरतं, कुणाची झोप सावध, कोण पहाटे चारला उठून स्तोत्र म्हणतं, हे बघून खोल्या वाटा.

कलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकीचं नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात, म्हणून पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं टाका. व्हॅटिकनला, म्हणजे पोपच्या नगरीला, पूर्ण दिवस द्या. तिथली संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, पण त्या गर्दीत गुडघेवाल्यांना नेऊ नका. तिथल्या सेंट पीटर बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, घुमटावर लिफ्ट आहे हे ऐकून चढायला जाल, तर थांबा. लिफ्टनंतरही ३२० पायऱ्या उरतात, आणि शेवटी जिना भिंतीबरोबर तिरका होत जातो. खाली बॅसिलिकात बाकावर बसून वर पाहिलं तरी डोळे भरतात.

आणि शुगर असलेल्या ताईंची औषधं हातातल्या पिशवीतच. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट.

आम्ही आठजण पूर्ण शाकाहारी, त्यात दोघं चतुर्मास पाळणारे. रोममध्ये उपाशी राहायची पाळी येईल का? घरून काय न्यावं? — एक वाचक, अंबाजोगाई

उपाशी मुळीच राहणार नाही. टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा ‘मारिनारा’ पिझ्झा मिळतो, त्यात चीज नसतं. लसूण चालत नसेल तर ‘पिझ्झा बियांका’ मागा, नुसती तेल-मिठाची भाजलेली पोळी, वजनावर कापून देतात. खरी अडचण चीजची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. पार्मेझान आणि रोमचं लाडकं पेकोरिनो ही दोन्ही चीज दूध फाडायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं विरजण घालून करतात. पास्त्यावर पांढरा कीस घालू नका, हे आधीच सांगायचं. ‘सेन्झा फोर्माज्जो’ म्हणजे चीजशिवाय. आम्ही हे शब्द मोठ्या मराठी अक्षरांत कार्डावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवले होते.

घरून नेताना मात्र सांभाळा. युरोपात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, तूप, खवा काही नको. ताजी मिरची, कढीपत्ता, लिंबंही नकोत. आणि भाच्याला द्यायला म्हणून केसर आंब्याची पेटी तर नकोच, ती विमानतळावर टाकून द्यावी लागेल आणि जीव हळहळेल. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तिळाची चटणी, मेतकूट, दशम्या तेलातल्या, एवढं पुरतं. धपाटे पहिल्या दोन दिवसांत संपवा. तेर्मिनीच्या जवळ एस्क्विलिनो भागात मोठी मंडई आहे. भारतीय, बांगलादेशी दुकानदार भरपूर; मसूर डाळ, तांदूळ, कोथिंबीर सगळं मिळतं. खोलीला छोटं स्वयंपाकघर असेल तर दिवसाआड खिचडी टाकता येते. आमच्याकडं ज्या रात्री खिचडी झाली, त्या रात्री कुणाचंच पोट बिघडलं नाही.

आई-वडिलांना गावातल्या गटाबरोबर रोमला पाठवायचंय. वडील शेतकरी, रिटर्न कधी भरलेलं नाही. व्हिसा मिळेल का? आणि कधी पाठवावं? — एक वाचक, जि. हिंगोली

भाऊ, शेतकऱ्याला व्हिसा मिळत नाही ही समजूत काढून टाका. २०२३ च्या आमच्या गटात तिघं निव्वळ शेतीवर जगणारे होते. सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर, आडत्याच्या हिशेबपट्ट्या, आणि तेच पैसे बँकेत जमा झाल्याचं सहा महिन्यांचं खातं. अर्जाच्या आठवड्यात कुणाकडून हातउसने चार लाख घेऊन खात्यात टाकू नका. खातं बघणाऱ्याला ते लगेच दिसतं. मी आयुष्यभर खातीच पाहिली आहेत. सोयाबीनचे पन्नास हजार वेळच्या वेळी जमा झालेले असतील तर त्याला जास्त किंमत असते. तुम्ही खर्च करणार असाल तर तसं पत्र, तुमचा पगार आणि नातं दाखवणारा कागद जोडा.

इटलीला लागतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच. त्याचं शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर ठेवून धडधड वाढवू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परतल्यानंतर तीन महिने तरी चालू असावा. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकाला स्वतः जावं लागतं. आमचा गट परभणीहून रात्री देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला गेला, काम करून त्याच रात्री परत निघाला. आईचं नाव आधारवर एक आणि पासपोर्टवर दुसरं असेल, तर ते आजच दुरुस्त करायला घ्या. आमच्या भागात लग्नानंतरच्या नावांचा हा घोळ घरोघर आहे आणि वेळ खरा त्यातच जातो.

सगळे सांगतात ऑक्टोबरमध्ये जा. हवा चांगली असते हे खरं, पण ऑक्टोबरात सोयाबीनची रास कोण करणार? वडिलांचा अर्धा जीव शेतात राहील. पाडव्यानंतर, एप्रिलमध्ये पाठवा. फक्त ईस्टरचा आठवडा टाळा, व्हॅटिकनला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. जुलै-ऑगस्ट नको, ऊन आपल्यासारखंच तापतं आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथली बरीच दुकानं सुट्टीवर जातात.

स्टेशनवर चोऱ्या होतात म्हणे? — एक भगिनी, जालना

होतात. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडं जाणारी ६४ नंबरची बस त्यासाठी बदनाम आहे. पासपोर्ट आणि नोटा कमरेच्या आतल्या पट्ट्यात ठेवा, पर्स पोटावर. मंगळसूत्र पोतीतलं घाला, सोन्याचं घरी राहू द्या.

मी शाळेत शिक्षक आहे. गटातले लोक विचारतात, पडक्या दगडांत बघायचं काय? त्यांना काय सांगू? — एक वाचक, धाराशिव

सर, तुम्ही धाराशिवचे आहात, तुमच्या हाताशीच उत्तर आहे. निघण्याआधी एका रविवारी सगळ्या गटाला तेरला न्या. गोरोबाकाकांचं दर्शन घ्या आणि मग तिथलं संग्रहालय दाखवा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून आणि तगरहून, म्हणजे आपल्या तेरहून, माल गाड्यांवर लादून वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जातो. तगरचं तलम कापड त्यात होतं. तिथून ते जहाजानं रोमच्या साम्राज्यात पोचायचं.

इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती बाईची मूर्ती सापडली. वीतभर उंचीची, अंगभर दागिने, पायात घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत वाळे. तशाच घडणीच्या मूर्ती तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत. ती पाँपेईची बाई आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. रोमहून जलद रेल्वेनं सव्वा तासाची वाट. २०२३ मध्ये मी आमच्या गटाला मुद्दाम तिच्यापुढं नेलं. भोकरदनच्या एक मावशी बरोबर होत्या. काचेजवळ वाकून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘इतक्या लांब एकटीच आली की गं बाई.’ पडक्या दगडांचं पुढं कुणी काही विचारलं नाही.

आणि पाणी दाखवा. अग्रिप्पा नावाच्या सेनापतीनं इसवी सनापूर्वी १९ मध्ये शहरात आणलेला पाट अजून चालू आहे, त्रेव्हीच्या कारंज्याला त्याचंच पाणी येतं. मलिक अंबरची नहर आणि पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. रस्त्यारस्त्यांवर ओतीव लोखंडाचे ठेंगणे नळ आहेत, हजारांवर. त्यांना ‘नाझोने’, मोठं नाक, म्हणतात. वाकडी नळी खाली, तिच्यातून थंड पाणी अखंड वाहतं. नळीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, तिला तोंड लावून प्यायचं. बाटली विकत घ्यायची गरजच नाही.

२०१९ मध्ये आमच्याबरोबर माझी लातूरची चुलतबहीण होती. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ती रात्र-रात्र टँकरच्या रांगेत उभी राहिलेली. पँथिऑन या जुन्या रोमन देवळाजवळच्या एका नळावर सगळे पाणी पिऊन पुढं गेले, ही मागंच. परत येऊन बघते तर ती नळाच्या मागं-पुढं हात फिरवत होती. मी विचारलं, ‘काय शोधतीस?’ तर म्हणाली, ‘अक्का, ह्याची चावी कुठाय? चालूच ठेवून गेले सगळे.’ चावी नसतेच त्याला, मी सांगितलं. तिनं पुन्हा एकदा चाचपून पाहिलं, मग पिशवीतली रिकामी बाटली काढून नळीखाली धरली, आणि ती भरून वाहायला लागली तरी हात मागं घेईना.